जाहिरातीचे श्रेय भलत्याच रकान्यात

संकेतस्थळावर आलेला माणूस नेमका कुठून आला हे ठरवणे, हे वेब ॲनालिटिक्सचे मूळ काम होय. पैसे मोजून केलेल्या जाहिरातीवरून आलेली भेट अहवालात फुकट मिळालेल्या भेटींच्या रकान्यात जमा झाली, तर नुकसान केवळ आकड्यांपुरते राहत नाही. जाहिरात निष्फळ ठरल्याचे दिसते, तिच्यावरचा खर्च कमी केला जातो, आणि ज्या फुकटच्या भेटींच्या भरवशावर तो कमी केला त्या भेटीही हळूहळू आटू लागतात, कारण त्यांतील बऱ्याच मुळात जाहिरातीनेच आणलेल्या असतात.

ही गल्लत का होते हे कळण्यासाठी भेटीची ओळख कशी पटवली जाते ते पाहावे लागते. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर सहसा आधीच्या संकेतस्थळाचे नाव नव्या संकेतस्थळाला कळवतो. या माहितीला 'रेफरर' म्हणतात. माणूस गूगलवरून आला एवढे त्यावरून समजते, परंतु त्याने वरच्या जाहिरातीवर बोट ठेवले की खालच्या साध्या निकालावर, हे समजत नाही. म्हणून जाहिरातीच्या लिंकला प्रश्नचिन्हानंतर ओळखीचे शेपूट जोडले जाते. गूगल ॲड्समध्ये 'ऑटो-टॅगिंग' सुरू असेल तर 'जीसीएलआयडी' हा त्या क्लिकचा क्रमांक आपोआप जोडला जातो. फेसबुक किंवा इतर ठिकाणच्या जाहिरातींसाठी स्रोत, माध्यम आणि मोहीम सांगणाऱ्या 'यूटीएम' खुणा जाहिरातदाराने स्वतः ठरवायच्या असतात. या नावातील 'यू' हे अक्षर अर्चिन या कंपनीचे असून, गूगलने ती 2005 मध्ये विकत घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरमधून गूगल ॲनालिटिक्स उभे राहिले.

पहिला घोळ होतो तो हे शेपूट वाटेतच गळून पडल्यामुळे. जाहिरातीत जुना पत्ता दिलेला असतो, संकेतस्थळ येणाऱ्याला तेथून नव्या पत्त्यावर पाठवते, आणि या 'रीडायरेक्ट'मध्ये प्रश्नचिन्हापुढचा सगळा मजकूर टाकून दिला जातो. मग रेफरर पोहोचला तर भेट 'ऑरगॅनिक सर्च' म्हणजे फुकटच्या शोधाच्या नावे लागते, आणि तोही पोहोचला नाही तर 'डायरेक्ट' म्हणजे थेट आलेल्यांत मोजली जाते. कुकीजची परवानगी मिळेपर्यंत मोजणी थांबवून ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरही असेच घडू शकते, कारण परवानगी दुसऱ्या पानावर दिली तर पहिल्या पानाच्या पत्त्यातील खूण तोवर निघून गेलेली असते. दोष नेहमी संकेतस्थळाचाच असतो असेही नाही. पूर्ण पान नव्याने न उघडता केवळ आतला मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर जीसीएलआयडी पुढच्या पानांपर्यंत टिकत नसे व जाहिरातीचे श्रेय ऑरगॅनिक शोधाला जात असे, हे गूगलने मान्य करून 2024 मध्ये त्यावर दुरुस्ती आणली.

दुसऱ्या प्रकारात शेपूट सुखरूप पोहोचते, पण त्यावरचा मजकूर चुकीचा असतो. समजा, देवगडच्या एखाद्या हापूस विक्रेत्याने फेसबुकवरील जाहिरातीच्या लिंकमध्ये माध्यम म्हणून 'ॲड' असे लिहिले. माणसाला त्याचा अर्थ उघड वाटेल; परंतु गूगल ॲनालिटिक्स 4 चे ठरीव नियम माध्यमाच्या जागी 'सीपीसी', 'पीपीसी' किंवा 'पेड'ने सुरू होणारा शब्द शोधतात, आणि तो न सापडल्यामुळे ही भेट 'ऑरगॅनिक सोशल'मध्ये, म्हणजे पेजवरच्या साध्या पोस्टवरून आलेल्यांत जाते. शिवाय इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे येथे वेगळी धरली जात असल्यामुळे, दोन कर्मचाऱ्यांनी एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले की अहवालात त्याच्या दोन ओळी होतात.

तिसरा घोळ अगदी शेवटच्या पायरीवर होतो. पैसे भरण्यासाठी ग्राहक पेमेंट गेटवेच्या किंवा बँकेच्या पानावर जातो, ओटीपी भरून परततो, आणि ॲनालिटिक्सला वाटते की हा ग्राहक बँकेनेच धाडला. आंब्याच्या पेटीच्या विक्रीचे श्रेय अशा वेळी बँकेच्या नावावर चढते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चुकीची नोंद आणि हरवलेली नोंद यांत भेद करणे आवश्यक आहे. 'ॲड' असे लिहिलेली भेट चुकीच्या रकान्यात असली तरी तिची खूण शाबूत असते. त्यामुळे स्वतःचे नियम घालून नवा 'चॅनल ग्रुप' तयार केला की मागील काळातील भेटीही अहवालात योग्य जागी दिसू लागतात. रीडायरेक्टमध्ये गळालेली खूण मात्र कोणत्याही नियमाने परत येत नाही, आणि बँकेचे नाव नको असलेल्या रेफररच्या यादीत घातले तरी त्याचा परिणाम त्या दिवसापासून पुढेच होतो.

तपासणी अवघड नाही. जाहिरातीत दिलेल्या पत्त्यापुढे जीसीएलआयडीच्या जागी 'टेस्ट' हा शब्द जोडून पान उघडावे आणि पान स्थिरावल्यावर तो शब्द पत्त्यात शिल्लक आहे का ते पाहावे. नसेल तर गळती तिथेच आहे. मात्र दुरुस्तीनंतरही गूगल ॲड्समधील क्लिक आणि ॲनालिटिक्समधील भेटी तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा धरू नये. एकाच भेटीत कोणी दोनदा क्लिक करतो, कोणी पान उघडण्याआधीच परत फिरतो, आणि ॲपलने 2023 मध्ये आणलेल्या आयओएस 17 पासून सफारीच्या खासगी ब्राउझिंगमध्ये जीसीएलआयडीसारख्या खुणा पुसल्या जातात.

यांतील बहुतेक चुका दिसतात अहवालात, पण त्यांचा उगम लिंकमध्ये असतो, आणि लिंकची जबाबदारी बहुतेक व्यवसायांत कोणाकडेच नसते: जाहिरात एजन्सी लावते, संकेतस्थळ दुसराच कोणी सांभाळतो, आणि अहवाल मालक वाचतो. खुणा कोणत्या शब्दांत लिहायच्या याचा एक लेखी तक्ता ठेवणे आणि संकेतस्थळात बदल झाला की प्रत्येक चालू जाहिरातीची लिंक तपासणे, हे काम एका माणसाच्या नावे नेमून दिल्याखेरीज अहवालाच्या आधारे कोणत्याही जाहिरातीचा खर्च कापणे धोक्याचे ठरते.