सात रस्ता ते आखेन

सोलापुरात सात रस्त्यावरून पुणे-मुंबईच्या ट्रॅव्हल्स मिळतात. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी गाठायची, तर पहिला टप्पा बहुधा हाच. २०११च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. नामांकित तंत्रविद्यापीठाचं आखेन जेमतेम अडीच लाखांचं. म्हणजे परदेशी जायचं ते आपल्याहून लहान गावात!

विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) गोठवलेल्या खात्यात भरून दाखवता येतात. त्यातले महिन्याला ९९२च हाती पडतात.

खरी कसोटी घराची. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. नोंद झाली की करक्रमांक पोस्टानं येतो आणि मागोमाग रेडिओ-टीव्हीचं शुल्कही: घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. अनामत मात्र तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही.

रविवारी बहुतेक दुकानं बंद. किराणा शनिवारीच भरावा.

बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवावी. तूप, पेढे नकोत. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे.