जुन्या लढाऊ विमानात पैसे देऊन बसावे का?

हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. पण हौसेचा हिशेब आधी मांडून पाहिला, तर काही बिघडत नाही. आज असाच एक हिशेब मांडू. दुसऱ्या महायुद्धातली काही लढाऊ विमाने इंग्लंड-अमेरिकेत अजून उडती ठेवली आहेत. पैसे भरले की सामान्य माणसालाही त्यांतून फेरी मारता येते. ही फेरी घेण्यासारखी आहे का?

आधी भाव पाहू. इंग्लंडात 'स्पिटफायर' विमानातल्या अर्ध्या तासाच्या फेरीला सुमारे तीन हजार पौंड, म्हणजे आपले तीन लाखांहून अधिक रुपये पडतात. १९३६ साली प्रथम उडालेले हे विमान मुळात एकट्या वैमानिकाचे. पुढे काही विमानांत मागे दुसरी बैठक बसवली. तीच पाहुण्याची जागा.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या तासाला एवढे पैसे? तर इंजिन पाहा. शेतावरच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे इंजिन तीन लिटरच्या आतबाहेरचे असते. स्पिटफायरचे 'मर्लिन' इंजिन २७ लिटरचे, बारा सिलिंडरांचे! त्याचे सुटे भाग कुठल्या दुकानात मांडलेले नसतात; जुने शोधायचे, नाहीतर नवे घडवून घ्यायचे. विमान उडते ठेवण्याच्या या खर्चाला पाहुण्यांच्या पैशाचा मोठा हातभार लागतो.

आता पदरात काय पडते? इंजिनाची थरथर, तेलाचा वास, अंग चोरून बसावे लागेल एवढीशी जागा. विशी-बाविशीची पोरे यात बसून लढली, हे पुस्तकातले वाक्य अंगाला कळते. पण युद्ध कळते असे मात्र समजू नका. अमेरिकेची 'बी-१७' ही चार इंजिनांची बाँबफेकी विमाने दहा-दहा माणसे घेऊन पंचवीस हजार फुटांवरून जात. तोंडाला प्राणवायूची नळी, बाहेर शून्याखाली चाळीस अंशांची थंडी, आणि खालून तोफा. आजचा पाहुणा निरभ्र दिवशी, थोड्या उंचीवरून फिरून येतो. ती भीती तिकिटात मिळत नाही.

धोका मात्र मिळतो, आणि तो खरा असतो. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात अशाच एका बी-१७ विमानाने दहा पाहुणे घेऊन उड्डाण केले. तिकीट ४५० डॉलर. थोड्याच वेळात इंजिनात बिघाड झाला. परत उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकले, बाजूला घसरले आणि पेटले. पाच पाहुणे आणि दोघे वैमानिक, असे सातजण गेले. चौकशीत वैमानिकाची चूक निघाली, तशी देखभालीतली हयगयही निघाली. त्या विमानाला 'नाइन-ओ-नाइन' हे नाव दिलेले होते. ज्या मूळ विमानाचे हे नाव, त्याने युद्धात १४० मोहिमा केल्या आणि एकही माणूस गमावला नव्हता! पुढे मार्च २०२० मध्ये सरकारने त्या संस्थेची पाहुणे नेण्याची परवानगी काढून घेतली.

यातून धडा काय? ही विमाने प्रवासी विमानांच्या कडक नियमांत बसत नाहीत. त्यांना वेगळी सवलत दिलेली असते. म्हणूनच इंग्लंडात पाहुण्याला धोका समजावून सांगून त्याची सही घेतात. ती सही डोळे मिटून करू नये. देखभाल कोण करतो, वैमानिकाला याच विमानाचा अनुभव किती, काही घडले तर विमा कोणाचा, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.

उत्तरे पटली, पैसा कर्जाचा नसला आणि धोका आपल्या एकट्याच्या जिवाचा म्हणून पत्करला, तर ही फेरी जरूर घेण्यासारखी आहे. पण नुसती विमाने पाहायची, समजून घ्यायची असतील, तर एवढ्या दूर जायला नको. गुरुजींनी मुलांची सहल गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयाकडे न्यावी. तिथे नौदलाची जुनी 'सी हॉक' विमाने जमिनीवर उभी आहेत. मुलांना ती जवळून बघता येतात, मनसोक्त प्रश्न विचारता येतात, आणि जिवाला घोर नसतो.