शोषण : प्रकाशाचे, वायूचे आणि पाण्याचे

'शोषण' हा शब्द कानी पडताच वर्तमानपत्राच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर सावकार, वेठबिगार आणि पिळला गेलेला श्रमिक उभा राहतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र इतका कटू नाही. तापलेली जमीन पहिल्या पावसाचे पाणी ओढून घेते, टिपकागद शाई टिपतो, त्यालाही शोषणच म्हणतात. शास्त्राने हा शब्द याच अर्थाने स्वीकारला. परंतु पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही शाखांत तो निरनिराळ्या घटनांना लावला जातो. एकाच दिवशी शाळेतील मुलाला एका तासाला प्रकाशाचे, दुसऱ्या तासाला वायूचे आणि तिसऱ्या तासाला अन्नरसाचे शोषण शिकविले जाते. या तिन्हींचा परस्परांशी संबंध काय, हे सांगावयाचे मात्र बहुधा राहून जाते. वस्तुतः गावात जुलाबाची साथ आली असता मूल वाचेल की नाही, हे पुष्कळ अंशी शोषणाच्या एका लहानशा नियमावर अवलंबून असते.

प्रकाश जातो कोठे?

पदार्थविज्ञानात जे शोषले जाते, ते द्रव्य नसून ऊर्जा असते. सौरचुलीतील डबे बाहेरून काळे रंगविलेले असतात. काळा पृष्ठभाग आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत न पाठविता स्वतःत घेतो आणि त्याचे रूपांतर उष्णतेत होते. डब्याचे वजन त्यामुळे वाढत नाही. वाढते ते तापमान. झाडाचे पान तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते व हिरवा त्या मानाने कमी, म्हणून ते हिरवे दिसते. म्हणजे पानाचा जो रंग म्हणून आपण सांगतो, तो वास्तविक पानाने न स्वीकारलेल्या प्रकाशाचा रंग होय.

प्रकाश एखाद्या द्रवातून जात असता प्रत्येक थर आपल्या वाट्याला आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा घेतो. पहिल्या वीतभर पाण्याने निम्मा घेतला तर दुसरी वीत उरलेल्याचा निम्मा घेईल, तिसरी त्याहून उरलेल्याचा. द्रवात विरघळलेला रंगीत पदार्थ जितका अधिक, तितके शोषणही अधिक. लांबर्ट आणि बेअर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या नियमावर प्रयोगशाळांतील रक्ताच्या आणि पाण्याच्या कितीतरी तपासण्या आधारलेल्या आहेत.

हा नियम महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत अगदी दारापर्यंत पोहोचला तो २०२० साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर फिरणाऱ्या पथकांजवळ तापमापकाबरोबर बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर होता. या चिमट्यातून दोन प्रकारचे प्रकाश बोटात सोडले जातात, एक तांबडा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त अधिक; प्राणवायू सोडून दिलेल्या रक्ताचे याच्या उलट असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक जेवढे शोषण कमीजास्त होते तेवढेच यंत्र हिशेबात धरते, आणि हाड, मांस व त्वचा यांचे स्थिर शोषण वगळले जाते. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधून काढली. अर्थात बोटावर नखरंग असेल तर तोही प्रकाश शोषतो आणि आकडा चुकतो. गडद वर्णाच्या त्वचेवर हे यंत्र काही वेळा प्रत्यक्षाहून थोडा अधिक आकडा दाखविते, हेही आता लक्षात आले आहे.

चुना, मीठ आणि कोळसा

रसायनशास्त्रात मात्र द्रव्यच द्रव्यात शिरते. सोड्याच्या बाटलीत दाबाखाली कर्बद्विप्राणिद वायू पाण्यात शोषलेला असतो; झाकण उघडताच दाब कमी होतो आणि वायू फसफसून बाहेर येतो. दाब जितका जास्त तितका वायू अधिक विरघळतो, हे विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली दाखविले. येथे शोषणारा आणि शोषला जाणारा यांचा संबंध सैल असतो. काही वेळा तो कायमचा जडतो. दिवाळीपूर्वी भिंतीला दिलेला चुन्याचा हात प्रथम फिकट दिसतो आणि वाळल्यावर पांढराशुभ्र होतो. चुना हवेतील कर्बद्विप्राणिद शोषून त्याचा खडूसारखा कठीण पदार्थ बनतो. जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंती वर्षानुवर्षे अशाच घट्ट होत गेल्या.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, त्याचा दोष खुद्द मिठाकडे फारसा नाही. त्यात मिसळलेले मॅग्नेशियमचे क्षार हवेतील बाष्प शोषून त्यातच विरघळू लागतात. याउलट औषधाच्या बाटलीतील लहानशी पुडी किंवा पाण्याच्या गाळणीतील कोळसा यांचे काम निराळ्या रीतीने चालते. तेथे बाहेरचा पदार्थ अंतर्भागात विरघळत नाही, तर असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. यास अधिशोषण म्हणतात. शोषण स्पंजासारखे आणि अधिशोषण पाटीवरील धुळीसारखे, असे सांगितले म्हणजे मुलांना हा भेद चटकन उमगतो. पृष्ठभाग भरला की कोळशाची शक्ती संपते, म्हणून गाळणी वेळोवेळी बदलावी लागते.

सजीवांची निवड

जीवशास्त्रातील शोषणात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे निवड. स्पंज कोणतेही पाणी घेतो. मुळाची किंवा आतड्याची पेशी तसे करीत नाही. तिच्या आवरणातून काय आत जावे हे तेथील प्रथिनांची दारे ठरवितात, आणि काही दारे चालू ठेवण्यासाठी पेशीला स्वतःची ऊर्जा खर्चावी लागते. पाणी मात्र कोणी ओढून नेत नाही. ज्या बाजूला क्षार व साखर यांचे प्रमाण अधिक, त्या बाजूकडे ते आपण होऊन वळते. यासच परासरण म्हणतात.

सांगली-कोल्हापूरकडील ऊसपट्ट्यात अतिरिक्त पाण्यामुळे जमिनी क्षारपड झाल्या, त्याची हानी याच नियमातून झाली आहे. मातीत ओल भरपूर असते, तरी पीक सुकते. मातीतील पाण्यात क्षार इतके साठतात की, मुळांना ते ओढून घेता येत नाही. पाणी वाढवून हा रोग बरा होत नाही. ते निचऱ्याने बाहेर काढावे लागते.

आतड्यातील जोडदार

मनुष्याचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे रसांकुर आणि त्यांवर त्याहून सूक्ष्म केशाकार उंचवटे असतात. हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार तो सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान वर्गखोलीएवढा भरतो. तरीही त्याचे काम प्रचंड आहे. प्यालेले पाणी आणि शरीराचे पाचकरस मिळून दररोज आठ ते नऊ लिटर द्रव आतड्यात येतो, आणि त्यातील दीडदोनशे मिलिलिटर सोडून बाकीचा सर्व परत रक्तात शोषला जातो. हे चक्र बिघडले की काय होते, ते पटकीच्या रोग्याकडे पाहिल्यावर कळते. काही तासांत शरीरातील कित्येक लिटर पाणी निघून जाते.

पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषामुळे आतडे पाणी सोडू लागते, हे कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यांवरील प्रयोगांनी दाखविले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, सोडियमच्या जोडीने शिरते. आज आपणांस माहीत आहे की, ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन अणू आत जातात. पेशी सोडियम मागील बाजूने सतत बाहेर, रक्ताकडे काढीत राहते आणि क्षार व साखर गेली त्या वाटेने पाणीही जाते.

पटकीच्या विषाने पाणी सोडणारे दार सताड उघडले जाते, परंतु साखर-सोडियमचे हे जोडदार शाबूत राहते. म्हणूनच नुसते मिठाचे पाणी पाजले तर ते फारसे शोषले जात नाही. त्यात योग्य प्रमाणात साखर घालताच शोषण सुरू होते. १९६८ साली ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत याची खात्री पटली. तथापि तोंडाने पाजून इतका भयंकर रोग आटोक्यात येईल, यावर पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता.

तो बसविण्याचे काम १९७१ साली बनगाव येथे झाले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली होती आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करून घेतल्या. लिटरभर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि सोडा २.५ ग्रॅम असे प्रमाण होते. पिंपांत द्रावण करून ते तोटीने काढावयाचे आणि रोग्याच्या आईबापांनी किंवा भावंडांनी पेल्याने पाजावयाचे, अशी व्यवस्था होती. अन्य छावण्यांत शेकडा तीसच्या आसपास रोगी दगावत असताना येथे हे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. डॉ. महालनाबीस २०२२ साली निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

घरातील प्रमाण

आज आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीजवळ मिळणारी जलसंजीवनीची पुडी याच परंपरेतील आहे. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यातील मीठ व साखर पूर्वीपेक्षा कमी केली. द्रावण पातळ असले तर शोषण अधिक चांगले होते, असे आढळून आले होते. 'साखर जास्त तर शक्ती जास्त' ही समजूत येथे घातक ठरते. जास्त साखर आतड्यातच राहते आणि परासरणाने शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढते. बाटलीतील गोड शीतपेये जुलाबात देऊ नयेत, ती याच कारणासाठी. पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घालावे. मीठ घातलेली भाताची पेजही उत्तम. तांदळातील पिष्टाचे ग्लुकोज हळूहळू सुटते आणि पाण्याची ओढाताण होत नाही.

अनेक मातांची एक तक्रार असते आणि ती समजून घेण्याजोगी आहे : पाजले तरी जुलाब थांबले नाहीत. जलसंजीवनीचे काम जुलाब थांबविण्याचे नव्हे, गेलेले पाणी भरून काढण्याचे आहे. पाणी पाजल्याने जुलाब वाढतात असे समजून मुलाचे पाणी तोडणे, हीच खरी जिवावर बेतणारी चूक. अंगावरचे दूधही चालू ठेवावे. सोबत मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. मूल मलूल पडले, पिऊ शकेनासे झाले, डोळे खोल गेले किंवा पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडली असता फार सावकाश पूर्ववत झाली, तर घरी वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून पाणी द्यावे लागते.

पुडी पूर्ण मिसळावी, अर्धी करू नये. आतील घटक सर्वत्र सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी लिटरची आहे की दोनशे मिलिलिटरची, हे तीवर छापलेले असते. पण घरचा तांब्या किती पाण्याचा, हे कोठेच छापलेले नसते. शाळेतील मापाने किंवा एक लिटरच्या बाटलीने तो पावसाळ्यापूर्वीच मोजून, तेवढ्या उंचीवर खूण करून ठेवलेली बरी.