व्हेनिअरची नजाकत आणि आगीचे गणित

मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजी दुपारी आग लागली आणि पाहता पाहता तिने वरचे मजले कवेत घेतले. पाच जणांना प्राण गमवावे लागले. इमारत काँक्रीटची होती आणि काँक्रीट जळत नाही. जळाले ते तिच्या पोटातले सामान: कागदपत्रे, फर्निचर, लाकडी पार्टिशन, छताखालची सजावट. आगीनंतर सांगाडा उभाच होता. त्याच सांगाड्यात पुढे नव्याने अंतर्गत बांधणी झाली.

कार्यालय असो वा सदनिका, अंतर्गत सजावट ठरवताना चर्चा रंगते ती रंगसंगतीची, पॉलिशची आणि दराची. भिंतीवर चढणारा प्रत्येक चौरस फूट लाकूड उद्या इंधन होऊ शकतो, हा विचार मात्र सहसा त्या चर्चेत येत नाही. लाकडाचे सौंदर्य सोडून द्यावे असा याचा अर्थ नाही. ते कशावर बसवले आहे आणि कशाने चिकटवले आहे, हे आधी पाहावे लागते.

व्हेनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा काढलेला अतिशय पातळ काप. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. हा काप तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवून आठ बाय चार फुटांची शीट तयार होते. लाकडाची काटकसर हा त्यामागचा मोठा लाभ. कापताना होणारी नासाडी सोडून दिली, तर एक घनमीटर लाकडातून दोन हजार चौरस मीटर व्हेनिअर निघू शकते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जी पंचसूत्री अंगीकारली, तिच्यात श्रमदान, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदीही होती. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाड टिकवायला काय सोसावे लागते, हे त्या गावाला विचारावे. शहरात एका भिंतीसाठी अख्खे सागवान वापरण्यापेक्षा त्याचा पापुद्रा वापरणे केव्हाही शहाणपणाचे.

व्हेनिअरची निवड मात्र नमुन्याचा वीतभर तुकडा पाहून करू नये. ओंडका कोणत्या दिशेने कापला यावर रेषा ठरतात. मध्यातून सपाट कापला तर डोंगरांच्या रांगांसारखी कमानदार नक्षी उमटते, त्रिज्येच्या दिशेने कापला तर सरळ, संयत रेषा मिळतात. एकाच ओंडक्यातून निघालेल्या शीट क्रमाने बांधलेल्या असतात. मोठ्या भिंतीसाठी एकाच गठ्ठ्यातील सलग क्रमांकाच्या शीट घेतल्या नाहीत, तर पॉलिश झाल्यावर भिंत ठिगळे लावल्यासारखी दिसते. शीट पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून जोडायच्या की एकाच दिशेने मांडायच्या, हे कापणीपूर्वीच सुताराला सांगावे. नैसर्गिक लाकडातील फरक नकोसा वाटत असेल, तर जलद वाढणाऱ्या झाडांचे काप रंगवून, दाबून पुन्हा कापलेले ‘रीकॉन’ व्हेनिअर मिळते. त्याची एकसारखी रेषा काहींना कृत्रिम वाटते. दहा खोल्यांचे काम जुळवायचे असेल तेव्हा तोच गुण ठरतो.

आता आगीचे गणित. लाकूड सुमारे तीनशे अंश सेल्सिअसला कोळशात रूपांतरित होऊ लागते आणि जाड तुळईत ही कोळशाची रेषा मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने आत सरकते. वरचा कोळसाच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. म्हणून जुन्या वाड्यातील वीतभर रुंदीची तुळई आगीनंतरही कधीकधी तग धरून राहते. अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्याला ही सवलत नाही. क्षणार्धात तो पेटतो आणि त्यानंतरचा निकाल पाठीमागच्या फळीवर व गोंदावर अवलंबून राहतो. रबरयुक्त गोंद उष्णतेने मऊ पडला की व्हेनिअर सुटून लोंबू लागते आणि दोन्ही बाजूंनी जळते. कारखान्यात उष्ण दाबाखाली घट्ट झालेला राळेचा गोंद या बाबतीत पुष्कळ बरा.

दुकानात सर्वाधिक घोळ होतो तो शब्दांचा. ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘मरीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, आयएस ७१० मानकाच्या प्लायचा आगीशी काहीही संबंध नाही. आगीस अवरोध करणाऱ्या प्लायसाठी आयएस ५५०९ हे स्वतंत्र मानक आहे. त्यात ज्वाला आरपार जाण्यास लागणारा वेळ, पुन्हा पेट घेण्यास लागणारा वेळ आणि जळण्याचा वेग अशा तीन कसोट्या आहेत. अशा प्लायमध्ये फॉस्फेट किंवा बोरेटयुक्त रसायने मुरवलेली असतात. हा प्लाय जळतो, परंतु सावकाश, आणि ज्वाला फारशी पसरू देत नाही. विक्रेते त्यालाच ‘फायरप्रूफ’ म्हणतात, ते खरे नव्हे.

याहून महत्त्वाचा भेद दुसरा आहे. ज्वाला पृष्ठभागावर किती पसरते हा एक प्रश्न, तर एखादी भिंत वा दार आगीला पलीकडे जाण्यापासून किती मिनिटे रोखते हा वेगळाच प्रश्न. पहिल्याचे उत्तर साहित्य देते, दुसऱ्याचे उत्तर संपूर्ण रचना देते. साठ मिनिटांचे दार म्हणजे पाला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप आणि फटीतील फुगणारी पट्टी यांची एकत्रित कसोटी. त्याच पाल्याला साध्या लाकडाची चौकट लावली, की प्रमाणपत्रातील साठ मिनिटे कागदावरच राहतात. पार्टिशनलाही हेच लागू पडते. गुलाबी रंगाचा, काचतंतू मिसळलेला जिप्सम बोर्ड आगीत टिकतो, कारण जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते आणि ते वाफ होऊन निघेपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही. पण बोर्ड खऱ्या छताला न भिडता फॉल्स सीलिंगपाशीच थांबला, तर आग वरून सहज ओलांडून जाते. कार्यालयांत हा प्रकार सर्रास आढळतो.

राष्ट्रीय इमारत संहितेने ज्वाला पसरण्यावरून अंतर्गत आच्छादनांचे चार वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात ज्वाला अतिशय कमी पसरते, चौथ्यात झपाट्याने. प्रक्रिया न केलेले लाकूड व प्लाय सामान्यतः तिसऱ्या वर्गात मोडतात. बैठकीच्या खोलीत भक्कम भिंतीवर ते चालू शकते. जिना आणि मार्गिका मात्र त्यापासून मुक्त ठेवायच्या असतात. सुटकेची वाट हीच. आणि नेमकी तीच, आल्यागेल्याच्या नजरेत भरते म्हणून, लिफ्टच्या दाराभोवती व्हेनिअरने मढवण्याचा मोह अनेक सोसायट्यांना आवरत नाही. तेथे लाकडाचा भास हवाच असेल, तर कॅल्शियम सिलिकेट किंवा सिमेंटयुक्त फळीवर व्हेनिअर बसवून त्या तयार पॅनेलचा, पॉलिशसह, चाचणी अहवाल मागावा. नुसत्या फळीचा अहवाल पुरेसा नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे हात चांगल्या फळीवर पाणी फिरवू शकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेसारख्या ठिकाणी अशा चाचण्यांची सोय आहे.

छताकडे भिंतीहून अधिक लक्ष द्यावे. उष्ण वायू वर साचतात आणि छताजवळचे तापमान पाच-सहाशे अंशांवर गेले की खोलीतील सगळ्याच वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. म्हणून लाकडी छताची हौस भिंतीवर भागवलेली बरी. पॅनेलिंगच्या मागे पट्ट्या ठोकून सोडलेली पोकळी ही आणखी एक दुर्लक्षित जागा. तेथूनच वायरी जातात. तेथे ठिणगी पडली तर ती पोकळी धुराड्यासारखी काम करते आणि बाहेरून कोणाला सुगावा लागत नाही. ठरावीक अंतरावर खनिज लोकरीने ती बंद करण्यास फारसा खर्च येत नाही. पॅनेल एकदा ठोकले गेले की हे काम करता येत नाही.

अग्निरोधक रसायनांना पाण्याचे वावडे असते. कोकणपट्टीच्या दमट हवेत वा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असा प्लाय बसवला, तर क्षार ओल धरतात, पृष्ठभागावर पांढरे डाग येतात आणि साधे लोखंडी स्क्रू गंजतात. नगरच्या कोरड्या हवेत जे वर्षानुवर्षे टिकेल ते मुंबईत तसेच टिकेल असे नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. मधल्या काळात एखाद्या भाडेकरूने मार्गिकेत नवे पॅनेलिंग केले, तर त्याची नोंद कोण ठेवणार, हे सोसायटीने स्वतःच ठरवून घ्यावे लागते. बिलावर मानकाचा क्रमांक, शीटवर आयएसआय चिन्ह आणि चाचणी अहवालाची प्रत, एवढे कागद नूतनीकरणाच्या फायलीत राहिले, तर पुढच्या सुताराला भिंतीमागे काय आहे ते फोडून पाहावे लागत नाही.