गावतळ्याचे पुनरुज्जीवन व निगा

पाऊस उदंड आणि उन्हाळ्यात पाण्याची चणचण, ही उत्तर कोकणातील जुनी विसंगती होय. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून उताराच्या जमिनीवरून खाडीकडे निघून जातो. भातसा व तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा प्रदेशात पावसाचे पाणी गावातच अडवून धरणारे जुने व स्वस्त साधन म्हणजे गावतळे. ते राखावयाचे की गमवावयाचे, हे बहुतांशी गावकऱ्यांच्याच हाती आहे.

शहरातील तलावांचा धडा

ठाणे शहर तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. तेथे एकेकाळी साठ तलाव होते असे सांगतात. आज सुमारे पस्तीस उरले आहेत. कौपिनेश्वर मंदिरानजीकचा मासुंदा, पाचपाखाडीतील कचराळी, तसेच उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर व आंबेघोसाळे हे तलाव नागरिकांच्या परिचयाचे आहेत. कल्याणचा काळा तलाव व डोंबिवलीजवळील निळजे तलाव हेही याच मालिकेतील होत. हे बहुतेक तलाव मुळात खेड्यांच्या किंवा लहान वस्त्यांच्या उपयोगाचे होते. घरोघरी नळ आले, तशी लोकांची तलावाकडे पाठ फिरली. आणि ज्या पाण्याची कोणाला गरज उरली नाही, त्यात सांडपाणी व कचरा येऊ लागला. २०२० च्या आरंभी कल्याणच्या गौरीपाडा तलावात अनेक कासवे मृत आढळली. असा प्रकार घडेपर्यंत दुर्लक्ष होऊ देणे किती महाग पडते, हे त्यावरून दिसून येते.

याच शहरांतून दुसराही धडा मिळतो. ठाण्यात १९९९ पासून कार्य करणारा ‘पर्यावरण दक्षता मंच’ व इतर स्वयंसेवी मंडळांनी तलावांच्या प्रश्नाकडे नागरिकांचे लक्ष वेधले. गणेशोत्सवात निर्माल्य पाण्यात न टाकता वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याचा पायंडा तेथे पडला आहे. मूर्तींसाठी महानगरपालिका तलावांच्या काठी कृत्रिम हौद उभारते आणि भाविकांना तेथवर नेण्यास स्वयंसेवक मदत करतात. श्रद्धेला धक्का न लावता सवय बदलता येते, हे यातून सिद्ध झाले. मुरबाड, शहापूर व भिवंडी तालुक्यांतील गावांनी हा धडा वेळीच घेणे इष्ट आहे. कारण तेथे तळ्याचे पाणी अद्याप शेतीच्या, गुरांच्या व मासळीच्या उपयोगाचे आहे.

तळे कशाने बिघडते?

तळे बिघडण्याची मुख्य कारणे दोन: गाळ आणि मैला. उघड्या उतारावरील माती दर पावसाळ्यात तळ्यात उतरते व पाण्याची जागा व्यापते. मैलापाणी, शेण, खतांचा निचरा व साबणाचे पाणी यांबरोबर नत्र व स्फुरद येतात. त्यांवर शेवाळ व जलपर्णी पोसतात. या वनस्पती कुजू लागल्या म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. हा प्राणवायू पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतो. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तर तळे संकटात आहे असे समजावे.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. अनुकूल परिस्थितीत तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून एकदा तळे स्वच्छ केले की काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे.

साधा हिशेब

एक हेक्टर क्षेत्राच्या तळ्यातून सरासरी ३० सेंटिमीटर गाळ काढला, तर ३,००० घनमीटर, म्हणजे ३० लक्ष लिटर जादा पाण्यास जागा होते. बाष्पीभवन व पाझर यांत निम्मे पाणी गेले असे धरले, तरी १,५०० घनमीटर उरते. एका हेक्टरास ५ सेंटिमीटरची पाळी देण्यास ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे तीन हेक्टर वालाला किंवा भाजीपाल्याला एक संरक्षक पाळी मिळू शकते. पाझरलेले पाणीही वाया जात नाही. त्यामुळे खालच्या बाजूच्या विहिरींना आधार मिळतो.

कामाचा क्रम

प्रथम तळे कोणाच्या मालकीचे आहे ते गावच्या दप्तरात पाहावे व खोदकामापूर्वी संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी. ग्रामसभेत ठराव करून तलाव समिती नेमावी. तीत वरच्या व खालच्या आळीचे शेतकरी, गुरे पाळणारे, मासेमारी करणारे आणि तळ्यावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया यांचा समावेश असावा. ज्यांचा तळ्याशी रोजचा संबंध आहे, त्यांना वगळून केलेले नियम टिकत नाहीत.

खोदकामाआधी तळ्यात येणारे सांडपाणी थांबवावे. ते न थांबविता गाळ उपसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. गटाराचे तोंड वळवून ते शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावे. त्यानंतर जलपर्णी फुलण्यापूर्वी मुळासकट काढून काठापासून दूर न्यावी; काठावर टाकल्यास पहिल्याच पावसात ती पुन्हा पाण्यात जाते.

गाळ एप्रिल-मे महिन्यांत, पाणी आटल्यावर काढावा. तळाचा चिकण मातीचा थर फोडू नये. गाळाखाली मुरूम दिसेपर्यंत खणण्याच्या हौसेने तळी गळकी होतात. बांधाच्या पायथ्याशी खणू नये. काठ सरळ न कापता उतरते ठेवावेत. एका बाजूस उथळ पाणी व थोडी झुडपे राखावीत, म्हणजे पक्षी, बेडूक व माशांच्या पिलांना आसरा मिळतो. चारी बाजूंनी दगडी भिंत बांधल्याने तळे नीटनेटके दिसते, परंतु हा आसरा नाहीसा होतो. पाणी येण्याच्या वाटेवर लहान गाळखड्डा करावा व वरच्या उतारावर गवत राखावे. सांडव्याची वाट पावसाळ्यापूर्वी मोकळी असलीच पाहिजे.

गाळाचा उपयोग

गावतळ्याचा गाळ हलक्या वरकस जमिनीस उपकारक असतो. त्याने जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढते. राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये याच तत्त्वावर सुरू केली. एका हेक्टरावर ३ सेंटिमीटरचा थर देण्यास ३०० घनमीटर, म्हणजे सुमारे १०६ ब्रास गाळ लागतो. तो पसरून उन्हात तापू द्यावा आणि पावसापूर्वी कुळवाने मातीत मिसळावा. आधीच भारी व चिबड असलेल्या जमिनीत तो घालू नये. कारखान्याचे किंवा शहरी सांडपाणी येणाऱ्या तळ्यातील गाळ व जलपर्णी तपासणी केल्याशिवाय शेतात वापरू नये. त्यांत जड धातू असण्याचा संभव असतो.

वर्षभराची निगा

श्रमदानाच्या पहिल्या दिवशी शंभर हात जमतात. खरी कसोटी पुढच्या वर्षी लागते. म्हणून काम वाटून घ्यावे. दर पंधरवड्यास दोन घरांनी तळ्याभोवती फेरी मारावी व जलपर्णीचे रोप दिसताच उपटावे. शाळेतील मुलांनी आठवड्यातून एकदा खुणेच्या खांबावरील पाण्याची पातळी वहीत लिहावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून रब्बीस किती पाणी मिळेल, याचा अंदाज बांधता येतो. गणेशोत्सवात निर्माल्यासाठी वेगळा खड्डा व विसर्जनासाठी वेगळा हौद ठेवावा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. आणि शाडूची माती विरघळली तरी तिचा गाळ साचतोच.

केवळ मनाईचे फलक लावून धुणे व गुरे तळ्यापासून दूर राहणार नाहीत. धुण्यासाठी काठापासून दूर दगडी ओटा व गुरांसाठी पाण्याची कुंडी करून द्यावी, मगच नियम सांगावा. सोय आधी व बंदी नंतर, हा क्रम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य ध्यानी ठेवावा.

शहरात बुजलेले तळे परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते. खेड्यातील तळे मात्र अद्याप वाचविता येते, आणि त्याला लागणारी कुदळ, घमेली व माणसे गावातच आहेत. येत्या उन्हाळ्यापूर्वी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावतळ्याचा विषय घेण्यापासून प्रारंभ करावा.