टँकरच्या पाठीवरचा आकडा

कोल्हार–घोटी रस्त्याने अकोले सोडलं, विठे घाट चढला की राजूर येतं. पुढे बारीचा घाट आणि घोटी. याच रस्त्याने भाजीच्या, दुधाच्या, वाळूच्या गाड्यांमधून पेट्रोल-डिझेलचे टँकर आणि गॅस सिलिंडरचे ट्रक येतात. गाडीला वाट देताना तिच्या पाठीवरच्या चौकटीतला आकडा मात्र कुणी वाचत नाही. तो वाचता यायला हवा, कारण तो आपल्यासाठीच लिहिलेला असतो.

1203 म्हणजे पेट्रोल. 1202 डिझेल, 1075 स्वयंपाकाचा गॅस, 1170 इथेनॉल, 1017 क्लोरीन, 1005 अमोनिया. हे क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले, जगभर सारखे. पेट्रोलच्या चौकटीत इंग्रजीत ‘3 वाय ई’ अशी खूणही असते. त्यातला 3 अग्निशामक दलाला सांगतो की फेस वापरा. शेवटचा ‘ई’ सांगतो की आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. माल पाठवणाऱ्याचा फोन नंबरही तिथेच असतो.

नगर जिल्ह्याला हा माल परका नाही. अकोळनेरला आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. शिवाय आपल्या उसाच्या मळीपासून बनलेलं इथेनॉल टँकरमधूनच डेपोकडे जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं. इथेनॉलची ज्वाळा उन्हात जेमतेम दिसते आणि साधा फेस त्यावर टिकत नाही, त्यासाठी वेगळा फेस लागतो. साखरेच्या या जिल्ह्यात एवढी माहिती गावोगावच्या तरुणांना असायला हवी.

आता स्टिअरिंगमागच्या माणसाकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतले, 1989 सालचे, 129 ते 137 हे नियम धोकादायक मालासाठी आहेत. नियम 9 प्रमाणे अशा गाडीच्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसन्सवर तसा शेरा मारून घ्यावा लागतो. शेरा नसताना अपघात झाला, तर विम्याचं भांडण कोर्टात जातं. मालाचा धोका आणि त्यावरचे उपाय लिहिलेलं कार्ड केबिनमध्ये ठेवावं लागतं. पेट्रोलच्या टँकरला ‘पेसो’चा, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो.

कायद्याने जबाबदारी तिघांवर वाटून दिली आहे: माल पाठवणारा, गाडीमालक आणि चालक. पण कर्ज काढून एकच गाडी घेतलेला आणि ती स्वतः चालवणारा माणूस यातले दोघे एकटाच असतो. गाडी सुस्थितीत आहे, चालक प्रशिक्षित आहे याची खात्री मालकाने करायची. इथे ती त्याने स्वतःचीच करायची. भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने चूक सिद्ध न होताही धोकादायक मालाच्या मालकावर भरपाईचा बोजा ठेवला. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठीच होती. एकट्याच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. मला यातली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

घाटात तर सगळीच कसोटी. टँकर अर्धवट भरलेला असेल तर आतला द्रव वळणावर एका बाजूला झुकतो आणि गाडीला बाहेर खेचतो. म्हणून टाकीत खण पाडलेले असतात, तरीही ब्रेक जपून मारावा लागतो. रिकामा टँकर निर्धोक असतो हाही गैरसमज आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगी पुरते, आणि रिकाम्या टाकीत ती वाफ उरलेली असते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती खोलगट जागी, नाल्यात, ओढ्याकाठी साचते. ठिणगी पडू नये म्हणूनच पंपावर माल उतरवण्याआधी टँकरला अर्थिंगची तार जोडतात.

13 जून 2023 ला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला. पेटतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चौघांचा जीव गेला. 20 डिसेंबर 2024 ला जयपूरजवळ गॅस टँकरच्या टकरीनंतरच्या आगीत मागची-पुढची वाहनं होरपळली. आणि 25 जून 2017 ला पाकिस्तानात, बहावलपूरजवळ, उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल गोळा करायला गावकरी भांडी घेऊन धावले. आग लागली आणि 200 हून अधिक माणसं गेली. ती माणसं गरीब होती. आपल्याकडेही टँकर उलटला की बादल्या घेऊन लोक धावतात, म्हणून हे सांगणं जास्त तातडीचं आहे.

या चालकांवाचून काय होतं ते जानेवारी 2024 मध्ये दिसलं. भारतीय न्याय संहितेतल्या अपघातानंतर पळून जाण्याच्या कठोर तरतुदीविरुद्ध पानेवाडीच्या टँकरचालकांनीही काम थांबवलं आणि पंपांवर रांगा लागल्या. 2 जानेवारीला केंद्राने आश्वासन दिलं आणि ती तरतूद लागू झाली नाही. अपघातानंतर जमावाच्या हाती सापडण्याची त्यांची भीती आपण समजून घेतली पाहिजे. कारण गळतीच्या वेळी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा हे जागेवर माहीत असणारा बहुधा चालकच एक असतो. त्याला मारहाण करून आपण आपलाच आधार घालवतो.

डोंगराळ भागात अग्निशामक गाडी यायला वेळ लागणार. म्हणून राजूरसारख्या गावात पोलीस ठाणं, ग्रामपंचायत आणि पंपचालकांनी मिळून वर्षातून एकदा सराव घ्यावा आणि टँकर रात्री उभे करायला वस्तीपासून दूर जागा द्यावी. आणि प्रत्येक वाचकाला विनंती: टँकर उलटलेला दिसला तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, दूर जा. सिगारेट, गाडीचं इंजिन, मोबाइल जवळ नको. पेट्रोलचा टँकर पेटला असेल तर निदान 800 मीटर, गॅसचा असेल तर 1600 मीटर अंतर ठेवा. मग 112 ला फोन करा आणि दुरून वाचता आला, तर तो चार अंकी आकडा सांगा.