खुब्याची शस्त्रक्रिया आणि अनपेक्षित कर्करोग

न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि सांधा बदलावा लागला, ही वयोवृद्धांच्या बाबतीत घरोघरी ऐकू येणारी हकिगत. क्वचित मात्र तिला निराळेच वळण लागते. शस्त्रक्रियेत हाड उघडल्यावर ते नेहमीसारखे दिसत नाही. किंवा सारे सुरळीत पार पडून रुग्ण घरी परततो आणि काही दिवसांनी आलेल्या अहवालात ‘कर्करोग’ हा शब्द असतो.

हे आधी का समजत नाही? संधिवात आणि अर्बुद यांच्या वेदना आरंभी सारख्याच भासतात. शिवाय हाडातील खनिजांचा साधारण ३० ते ५० टक्के भाग नष्ट झाल्याखेरीज साध्या क्ष-किरण चित्रात पोकळी स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे पडल्याने हाड मोडले, की आधीच पोखरलेले हाड मोडल्याने माणूस पडला, हा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही.

प्रौढांच्या हाडात आढळणारा कर्करोग बहुतांशी अन्य अवयवांतून आलेला असतो. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड ही त्याची प्रमुख उगमस्थाने. मज्जेतील मल्टिपल मायलोमाही हाडे पोखरतो. मूळ हाडातच उद्भवणारे कर्करोग विरळा. त्यांपैकी कूर्चेच्या पेशींचा कॉन्ड्रोसार्कोमा चाळिशीनंतर कटी व मांडीच्या हाडात विशेषेकरून दिसतो.

हा भेद निर्णायक ठरतो. पसरलेल्या कर्करोगात हाडाला आधार देऊन रुग्णाला पुन्हा चालते करणे आणि मूळ रोगावर औषधोपचार वा किरणोपचार करणे, हे उद्दिष्ट असते. कॉन्ड्रोसार्कोमावर मात्र या उपचारांचा प्रभाव सहसा अल्प पडतो. अर्बुद भोवतालच्या निरोगी ऊतींसह समूळ काढणे हाच मुख्य मार्ग. अशा वेळी अजाणता हाडाची पोकळी कोरून सळई वा कृत्रिम सांधा बसवला, तर रोगपेशी आजूबाजूला पसरतात आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी, प्रसंगी पाय गमावण्यापर्यंत जाणारी ठरू शकते. म्हणूनच संशय येताच नमुना घेऊन जखम बंद करणे आणि निदानाची वाट पाहणे, हा शल्यचिकित्सकाचा पराभव नसून विवेक आहे. कठीण हाड आम्लात मऊ करूनच त्याचे काप घेता येतात. अहवालास काही दिवस लागतात ते यामुळे.

रुग्णाने काय करावे? पूर्वी कर्करोग झाला असल्यास तो वीस वर्षांपूर्वीचा असला तरी डॉक्टरांना सांगावा. विश्रांतीतही न थांबणारी, रात्री झोपमोड करणारी वेदना, विनाकारण घटणारे वजन, किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड, हे सारे शस्त्रक्रियेपूर्वीच कथन करावे. काढलेले हाड तपासणीसाठी पाठवले का, हे विचारावे आणि अहवाल मागून घ्यावा. न वाचता फायलीत पडून राहिलेला अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

निदान अनपेक्षित झाले तर पुढील शस्त्रक्रियेपूर्वी अस्थिकर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा रोगांसाठी तज्ज्ञांचे स्वतंत्र पथक आहे. खुब्याचे प्रत्येक दुखणे कर्करोग नव्हे, हे खरेच. पण प्रत्येक दुखणे केवळ वयाचेही नव्हे.